कार्यालयीन ईमेल

कामासंबंधी विनंती, आदेश, निर्णय वा माहिती कळविण्यासाठी पाठविलेले संगणकीय पत्र. कागदी पत्र हाती पडले की बहुधा उघडले जाई. ईमेल मात्र आधी यादीतली एक ओळ म्हणून दिसते आणि ते वाचायचे की नाही हे बहुधा तिथेच ठरते.

एकाच संगणकाच्या वापरकर्त्यांना परस्परांसाठी निरोप ठेवण्याची सोय मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सीटीएसएस या अनेकांनी एकच संगणक वापरण्याच्या प्रणालीत १९६५ च्या सुमारास झाली. आर्पानेट या इंटरनेटपूर्व अमेरिकी संगणक-जाळ्यावरून एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप धाडण्याचे श्रेय रे टॉमलिन्सन यांना दिले जाते. काळ १९७१, बहुधा उत्तरार्ध. पत्त्यातील ‘ॲट’ चिन्हाची योजना त्यांचीच. मुंबईत जन्मलेले शिवा अय्यादुरै यांनी न्यूअर्क येथील वैद्यकीय महाविद्यालयासाठी ‘ईमेल’ नावाची आज्ञावली लिहिली. तिचा आरंभ ते १९७८ चा सांगतात. अमेरिकेत तिची कॉपीराइट-नोंदणी १९८२ मध्ये झाली. त्या आधारे ते ईमेलच्या जनकत्वाचा दावा करतात. परंतु कॉपीराइट आज्ञावलीच्या संहितेला मिळतो, कल्पनेला नव्हे. शिवाय प्रेषक, दिनांक व विषय ही शीर्षके १९७३ च्या आरएफसी ५६१ या दस्तऐवजात आढळतात (आरएफसी म्हणजे संगणक-जाळ्यांची मानके व सूचना मांडणारी क्रमांकित दस्तऐवजमाला). त्यामुळे संगणक-इतिहासकारांनी हा दावा स्वीकारलेला नाही व तेच अधिक सयुक्तिक दिसते. कार्यालयीन वापराच्या दृष्टीने लॅरी रॉबर्ट्स यांची १९७२ ची आज्ञावली अधिक महत्त्वाची म्हणावी लागेल. आलेल्या संदेशांची यादी पाहून हवा तो निवडण्याची सोय तिच्यात होती.

ईमेलच्या प्रचलित मानकात (आरएफसी ५३२२, २००८) प्रेषक आणि दिनांक अनिवार्य, विषय ऐच्छिक आहे. त्यामुळे रिकाम्या विषयाचे पत्र नियमबाह्य ठरत नाही, एवढेच. ‘तातडीचे’ किंवा ‘आपल्या माहितीसाठी’ हे विषयही जवळपास रिकामेच. ‘गोदाम भाडेकरार : शुक्रवार दुपारी ४ पर्यंत मंजुरी हवी’ या ओळीत काम आणि मुदत दोन्ही आली, पत्र न उघडताही वाचणाऱ्याला पुढचे कळते.

मजकुरात मागणी प्रथम, कारण नंतर, हा क्रम अमेरिकी सैन्याच्या पत्रव्यवहार-नियमांतही सांगितला आहे. मराठी शासकीय पत्राची घडण याच्या उलट असते. ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की’ एवढ्यातच मोबाइलवर दिसणारी पहिली ओळ संपून जाते. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ यातून ती कोणी करावी हे कळत नाही. ‘लेखा शाखेने देयक सोमवारपर्यंत कोषागारात सादर करावे’ असे लिहिले की कर्ता आणि मुदत ठरतात. हीच अडचण ‘प्रति’ (To) या रकान्यात येते. तिथे पाच नावे घातली की प्रत्येकाला ते काम उरलेल्या चौघांचे वाटते. करणारा एक ‘प्रति’मध्ये आणि बाकीचे ‘प्रत’ (Cc) रकान्यात, ही विभागणी बरी. १९९५ च्या आरएफसी १८५५ या शिष्टाचार-संहितेने १०० ओळींहून मोठा संदेश लांब मानला आणि स्वाक्षरीस चार ओळींची मर्यादा सुचविली.

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मुळे (अंमल १७ ऑक्टोबर २०००) इलेक्ट्रॉनिक अभिलेखास (त्यात ईमेलही आला) कायदेशीर मान्यता मिळाली. वेगळा करार नसल्यास, कलम १३ नुसार अभिलेख ज्याला पाठविला त्याने ठरवून दिलेल्या संगणक-साधनात शिरताच तो मिळाला असे धरतात. त्याने तो वाचला का, हा प्रश्न तिथे येत नाही.

देवनागरी विषय-ओळीची बाब किंचित गुंतागुंतीची आहे. मूळ मानक केवळ रोमन वर्ण, अंक व विरामचिन्हे जाणणारे. म्हणून १९९६ च्या आरएफसी २०४७ प्रमाणे विषय सांकेतिक तुकड्यांत बदलून पाठवितात. एक तुकडा जास्तीत जास्त ७५ चिन्हांचा. त्यातील १२ तुकड्याच्या आरंभी व शेवटी लागणाऱ्या ठरीव खुणांतच जातात. यूटीएफ-८ या अक्षरे साठविण्याच्या संगणकीय संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, वेलांटी, हलन्त ही वेगळी चिन्हे धरली जातात. त्यामुळे ‘वार्षिक अहवाल’ या दोन शब्दांना ३७ बाइट लागतात आणि एका तुकड्यात सुमारे १५ चिन्हेच मावतात. तुकडे जोडताना जुन्या प्रणालींची चूक झाली की प्रश्नचिन्हांची रांग दिसते. पत्त्यातही अशी लिपी वापरता यावी यासाठीची मानके २०१२ मध्ये आली. तथापि कार्यालयांत पत्ते अद्याप बहुतांशी रोमन लिपीतच आहेत.