शेक्सपिअरची विरामचिन्हे: नाटककाराची की छापखान्याची?

१६२३ च्या फर्स्ट फोलिओतला, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या छापील संग्रहातला, प्रत्येक स्वल्पविराम ही नटासाठी त्यानेच दिलेली सूचना, असे मानून तालमी होतात. पण शेक्सपिअर १६१६ मध्येच वारला होता. हेमिंग्ज आणि कॉन्डेल या त्याच्या सहकारी नटांनी ३६ नाटके जमवली, जॅगार्ड यांच्या छापखान्यात ती छापली गेली. खिळे जुळवणारे अनेक, प्रत्येकाची सवय निराळी. 'द टेम्पेस्ट'ची प्रत उतरवणाऱ्या रॅल्फ क्रेनला तर कंसांचा फार सोस. 'सर थॉमस मोर' या नाटकाच्या हस्तलिखितातली जी पाने शेक्सपिअरच्या हातची मानतात, त्यांत विरामचिन्हे अगदी तुरळक आहेत.

तरीही ही चिन्हे टाकाऊ नाहीत. त्या काळी ती व्याकरणापेक्षा श्वासाला जवळची होती, आणि जागा बदलली की अर्थ फिरतो. हॅम्लेटचे माणसाविषयीचे भाषण पाहा. १६०४-०५ च्या क्वार्टोतल्या (एकाच नाटकाच्या लहान आकाराच्या सुट्या छापील प्रतीतल्या) स्वल्पविरामांनुसार माणूस आकलनात देवदूतासारखा ठरतो. 'देवासारखा' हे त्यानंतर एकटेच उरते आणि नटाला चढत जाऊन तिथे पोहोचावे लागते. फोलिओत तोच माणूस कृतीत देवदूतासारखा आणि आकलनात देवासारखा होतो. तिथे तोलून म्हटलेल्या जोड्या लागतात.

'मॅकबेथ'मध्ये राजाच्या खुनाचा बेत फसला तर काय, असे नवरा विचारतो तेव्हा लेडी मॅकबेथ म्हणते 'वी फेल' (आपण हरतो). या दोन शब्दांपुढे फोलिओत प्रश्नचिन्ह आहे. मात्र तेव्हा हेच चिन्ह उद्गारासाठीही वापरत, त्यामुळे निर्णय नटीवर येतो. ही भूमिका करणाऱ्या जुन्या काळच्या अभिनेत्री सारा सिडन्स यांनी तिन्ही वाटा चोखाळल्या: आधी तुच्छतेने टाकलेला प्रश्न, मग 'आपण'वर जोर देणारा संतप्त उद्गार, आणि शेवटी खालच्या, ठाम आवाजातला पूर्णविराम. हरलो तर हरलो, प्रकरण तिथेच संपले. मला हा तिसरा पर्याय सर्वांत भेदक वाटतो, कारण त्यात लेडी मॅकबेथ नवऱ्याला पटवत बसत नाही.

१७०९ च्या, निकोलस रो या संपादकाच्या आवृत्तीपासून संपादक आपापली चिन्हे घालत आले. त्यांचे उद्गारचिन्ह दिसले की नट ओरडतो, पूर्णविराम दिसला की सूर खाली टाकतो आणि लांब विचाराचे तुकडे पडतात. म्हणून तालमीच्या संहितेतून आधी सगळी चिन्हे काढावीत आणि अर्थ लावत मोठ्याने वाचावे. मग क्वार्टो असल्यास तो आणि फोलिओ शेजारी ठेवून फरक लाल पेन्सिलीने खुणावावेत. अपूर्णविरामापाशी श्वास घ्यावा, पण सूर उतरू देऊ नये; विचार अजून पुढे जायचा असतो.