पडदा चौपट, संगणक तोच

मोठा ४के मॉनिटर टेबलावर आला त्या संध्याकाळी मी सगळ्यात आधी बगळ्याचा एक जुना फोटो उघडला. मानेवरची पिसं सुटी सुटी मोजता येतील अशी दिसत होती. खूश होऊन एक्स्पोजरचा, म्हणजे फोटो उजळ-गडद करायचा, स्लायडर धरला, उजवीकडे ओढला, आणि फोटो ढिम्म. हात पुढे गेला, उजेड अर्ध्या सेकंदाने मागून आला. परत डावीकडे ओढला, परत तेच. आदल्या दिवसापर्यंत याच संगणकावर, याच सॉफ्टवेअरमध्ये हाच बगळा बोटाबरोबर उजळत-मावळत होता. बदलला होता फक्त पडदा. (निदान मला तसं वाटत होतं. आणखी एक भानगड होती, ती पुढे सांगतो.)

मॉनिटर म्हणजे चित्र दाखवणारी काच, ती संगणकाचा वेग कशी खाईल, असा बहुतेकांचा समज असतो. म्हणून नवा डेस्कटॉप घेताना प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांवर तासन्‌तास खल होतो आणि पडदा शेवटी, उरलेल्या पैशांत. फोटो एडिटिंगपुरतं तरी हे उलटं करायला हवं. आधी पडदा ठरवायचा, मग तो पेलेल असा संगणक.

फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे साधारण २१ लाख पिक्सेल असतात. ४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८३ लाख. बरोबर चौपट. ५के पडदा घेतला तर आकडा १ कोटी ४७ लाखांवर, सातपटीवर जातो. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होत असेल, तर एका चित्रासाठी संगणकाच्या हाती जेमतेम १६.७ मिलिसेकंद असतात. नुसती खिडकी इकडून तिकडे सरकवायची असेल तर आजचा कुठलाही संगणक हे सहज करतो. फोटोचं तसं नाही, कारण फोटो आयता तयार नसतो. तो दर वेळी नव्याने बनवावा लागतो.

हे समजायचं तर रॉ फाइलच्या, म्हणजे सेन्सरने मोजलेल्या कच्च्या माहितीच्या फाइलच्या, पोटात शिरावं लागतं. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा प्रत्येक ठिपका मुळात रंगांधळा असतो, त्याला फक्त उजेड किती ते कळतं. त्याच्यावर लाल, हिरव्या किंवा निळ्या, कुठल्या तरी एकाच रंगाचं इवलंसं गाळणं बसवलेलं असतं. लाल किंवा निळ्यापेक्षा हिरवी गाळणी दुप्पट, कारण उजेडातले बारकावे आपला डोळा हिरव्यात जास्त टिपतो. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या नावावर या मांडणीचं १९७६ सालचं पेटंट आहे आणि बहुतेक कॅमेरे आजही तीच वापरतात. म्हणजे प्रत्येक ठिपक्यापाशी एक रंग मोजलेला आणि दोन गायब. ते दोन शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे बघून अंदाजाने भरायचे, ही झाली पहिली पायरी. त्यानंतर व्हाइट बॅलन्स, भिंगाने वाकवलेल्या रेषा सरळ करणं, नॉइज म्हणजे फोटोतले नकोसे दाणे कमी करणं, एक्स्पोजर, हायलाइट, शॅडो, तुम्ही रंगवलेले मास्क (बदल फोटोच्या ठरावीक भागापुरता ठेवणारे), शार्पनिंग, आणि सगळ्यात शेवटी त्या विशिष्ट पडद्याला दाखवता येतील अशा रंगांत रूपांतर.

लाइटरूम, कॅप्चर वन किंवा डार्कटेबल यांसारखी एडिटिंग सॉफ्टवेअर मूळ फाइलला हात लावत नाहीत, तुमच्या सूचनांची यादी तेवढी जपून ठेवतात. त्यामुळे एक स्लायडर केसभर हलवला तरी पायऱ्यांची ही रांग, निदान त्या पायरीपासून पुढची, पुन्हा चालवावी लागते. किती पिक्सेलांवर? कॅमेरा ४५ मेगापिक्सेलचा असला तरी दर वेळी सगळ्या साडेचार कोटींवर नाही. स्लायडर हलत असताना सॉफ्टवेअर मुख्यतः पडद्यावर जेवढं दिसतंय तेवढ्याचाच हिशेब करतं. मेख इथेच आहे. काल जो हिशेब २१ लाख पिक्सेलांचा होता तो आज ८३ लाखांचा झाला. कॅमेरा तोच, बगळा तोच, कष्ट चौपट.

किती उशीर खपतो? संगणकाच्या प्रतिसादाबद्दल रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्ये मांडलेला एक दशांश सेकंदाचा आकडा आजही प्रमाण धरला जातो. तेवढ्यात उत्तर आलं तर माणसाला ते ‘लगेच’ वाटतं. समजा जुन्या पडद्यावर एखादा बदल ८० मिलिसेकंदांत होत होता. नव्यावर तो ३२० वर गेला की हात आणि डोळा यांचा दुवाच तुटतो. मग काम अंदाजपंचे सुरू होतं. थोडं ओढा, थांबा, बघा, जास्त झालं, मागे घ्या. ब्रशने मास्क रंगवताना तर याहून कितीतरी कमी उशीरही जाचतो, कारण रेघ कर्सरच्या मागे फरफटत येते.

म्हणून काहीही विकत घ्यायच्या आधी एक फुकटचा प्रयोग करून बघावा. एडिटिंगची खिडकी लहान करायची, पडद्याच्या चौथाईएवढी, आणि तोच स्लायडर हलवायचा. तो पळायला लागला, तर घोडं पिक्सेलांच्या ओझ्यापाशीच पेंड खातंय. नाही पळाला, तर दुखणं दुसरीकडे. माझ्याकडे पळाला.

हे ओझं उचलायचं काम ग्राफिक्स कार्डाचं. प्रोसेसरमध्ये आठ-दहा अतिशय हुशार कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे हिशेब करणारे भाग असतात, कार्डात हजारो साधीसुधी गणितयंत्रं. एक पिक्सेल उजळताना दुसऱ्या पिक्सेलाचं उत्तर येईपर्यंत सहसा थांबावं लागत नाही, त्यामुळे हजारोंचं काम एकदम उरकता येतं. लाइटरूमने एडिटिंगसाठी कार्डाची मदत घ्यायला २०१५ मध्ये सुरुवात केली. त्याच्या आदल्याच वर्षी २७ इंची ५के आयमॅक आला होता. छोट्या पडद्यावर मात्र कार्डाचा फायदा फारसा जाणवत नाही, कारण फोटो मुख्य मेमरीतून कार्डाकडे न्यायला वेळ जातो आणि काम किरकोळ असेल तर हा हेलपाटाच कामापेक्षा मोठा ठरतो.

पण कार्ड म्हटलं की लोक थेट गेम खेळणाऱ्यांच्या सर्वांत वरच्या कार्डाकडे बघतात, आणि तिथे खिशाला उगाच कात्री लागते. मधल्या फळीतलं कार्ड पुरतं. बघायची ती त्याच्यावरची मेमरी. ४के पडद्यावरचं एक चित्र हिशेबासाठी पिक्सेलामागे ८ बाइट धरून ठेवलं तर सुमारे ६६ मेगाबाइट होतात, आणि ४५ मेगापिक्सेलचा अख्खा फोटो ठेवला तर ३६०. पायऱ्यापायऱ्यांवर अशा अनेक प्रती लागतात. शिवाय पडदा, ब्राउझर आणि इतर खिडक्याही त्याच मेमरीत वाटेकरी. म्हणून ४के पडद्यासाठी ४ जीबी ही खालची पायरी समजावी आणि नवीन घेताय तर ८ जीबीच्या खाली उतरू नये. अपवाद एकच. नॉइज काढायची नवी, न्यूरल नेटवर्कवर चालणारी साधनं. तिथे अख्ख्या फोटोवर प्रचंड गणित होतं आणि कार्ड जितकं दमदार तितका वेळ खरोखर वाचतो. रात्रीचे किंवा जंगलातले शेकडो फोटो दर आठवड्याला साफ करत असाल तर तिथे पैसे घाला. वर्षातून चार वेळा लागत असेल तर तेवढी वाट बघावी.

आता ती भानगड. नवा मॉनिटर जोडताना मी संगणकाच्या मागे हात घालून जे पोर्ट पहिलं सापडलं त्यात केबल खुपसली होती. ते होतं मदरबोर्डचं. कार्डाची पोर्ट खाली, वेगळ्या पट्टीवर. म्हणजे पडदा प्रोसेसरमधल्या चिमुकल्या ग्राफिक्सवर चालत होता, आणि कार्ड असून नसल्यासारखं. वर आणखी त्या जुन्या एचडीएमआय १.४ पोर्टची क्षमता सेकंदाला १०.२ अब्ज बिट. ४के चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायला नुसत्या पिक्सेलांसाठीच सुमारे १२ अब्ज बिट लागतात. त्यामुळे पडदा मुकाट्याने ३० वर उतरला होता आणि साधा कर्सरही जड वाटत होता. एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ आणि त्यापुढचं काहीही असलं की ४केची ही अडचण उरत नाही. ५केसाठी डिस्प्लेपोर्ट १.४ बघून घ्यावं. मी केबल कार्डात लावली, कर्सर सुधारला, स्लायडर अर्धवट सुधारला. कार्डावर २ जीबीच मेमरी होती, तेव्हा ते पुढे बदलावंच लागलं.

प्रोसेसरबद्दल लोक कोअर मोजतात, आणि मोजणी फसवी असते. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये एक साधी गोष्ट दाखवून दिली होती. कामाचा पाचवा हिस्सा एकामागून एकच करावा लागत असेल, तर बाकीचं काम कितीही जणांत वाटलं तरी एकूण वेग पाचपटीच्या वर जाऊच शकत नाही. एडिटिंगमध्ये असा ‘एकामागून एक’ हिस्सा बराच असतो. आधी ही पायरी, मग ती. आधी ब्रशचा हा ठसा, मग पुढचा. त्यामुळे हाताशी सुरळीत चालणाऱ्या संगणकाला एका कोअरचा वेग महत्त्वाचा, आणि अलीकडच्या पिढीतला आठ कोअरचा प्रोसेसर जुन्या सोळा कोअरच्या प्रोसेसरला सहज मागे टाकतो. गिगाहर्ट्‌झचे आकडे दोन वेगवेगळ्या पिढ्यांत ताडून बघू नयेत, ते निरर्थक असतं. जास्त कोअर कामी येतात ते हजार फोटो एकदम एक्स्पोर्ट करताना. पण तेव्हा आपण खुर्चीतून उठलेलो असतो.

रॅमचा हिशेब मात्र सरळ आहे. ४५ मेगापिक्सेलचा फोटो, तीन रंग, प्रत्येकाला २ बाइट, म्हणजे २७० मेगाबाइट. फोटोशॉपमध्ये असे दहा पूर्ण लेअर रचले की २.७ जीबी, मागे फिरायच्या पायऱ्या वेगळ्या. सहा फोटो जोडून पॅनोरामा केला तर आकडे आणखी फुगतात. १६ जीबीत काम चालतं, ३२ मध्ये निवांतपणा येतो, ६४ हे पॅनोरामा आणि थरावर थर रचणाऱ्यांसाठी. रॅम पुरेशी असेल तर ती दुप्पट करून एका मिलिसेकंदाचाही फायदा होत नाही. अपुरी असेल तर मात्र कडेलोट, कारण उरलेलं डिस्कवर सांडतं, आणि चांगल्या एसएसडीलाही, म्हणजे चिपवरच्या वेगवान डिस्कलाही, उत्तर द्यायला रॅमच्या शेकडो पट वेळ लागतो. एक बारकी गोष्ट बरेच जण विसरतात. ३२ जीबीची एकच पट्टी घेण्यापेक्षा १६च्या दोन घ्याव्यात. डीडीआर४-३२०० या रॅमच्या प्रकारात एका पट्टीतून सेकंदाला २५.६ जीबी वाहतात, दोघींतून ५१.२. वेगळं कार्ड नसलेल्या संगणकात तर पडदाही याच नळावर अवलंबून असतो. अ‍ॅपलच्या एम मालिकेतल्या संगणकांत प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून एकच मेमरी वापरतात, त्यामुळे फोटो कार्डाकडे नेण्याचा तो हेलपाटा वाचतो. पण ती मेमरी नंतर वाढवता येत नाही, म्हणून घेतानाच एक पायरी वरची घ्यावी.

डिस्कला मी कमी महत्त्व देतो. ५० मेगाबाइटची रॉ फाइल साध्या हार्ड डिस्कवरूनही सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात येते, आणि एकदा आली की स्लायडरचा डिस्कशी फारसा संबंध उरत नाही. सॉफ्टवेअर, कॅटलॉग आणि प्रीव्ह्यूंचा साठा एसएसडीवर असावा, कारण तिथे हजारो बारक्या फाइली चाळाव्या लागतात. मूळ फोटोंचा डोंगर हार्ड डिस्कवर राहिला तरी चालतो. सेकंदाला ७ जीबी वाचणाऱ्या एसएसडीच्या जाहिराती वाचायला छान असतात, एवढंच.

पडद्याच्या दोन खोड्या राहिल्या. पहिली मॅकवरची. २७ इंची ४के पडद्यावर अक्षरं बारीक दिसतात म्हणून लोक ‘२५६० गुणिले १४४०सारखा’ हा पर्याय निवडतात. तेव्हा मॅक आतल्या आत ५१२० गुणिले २८८०चं चित्र रंगवतो आणि मग ते आकसून ४केवर बसवतो. घेतला ४के, ओझं ५केचं. दुसरी खोडी डोळ्यांची. अशा पडद्यावर इंचाला १६३ पिक्सेल बसतात, आणि ६० सेंटिमीटरवरून पाहताना साधारण १४५च्या पुढचे ठिपके चांगल्या नजरेलाही सुटे दिसत नाहीत. परिणामी १०० टक्क्यांवर, म्हणजे फोटोच्या एका पिक्सेलाला पडद्याचा एक पिक्सेल देऊन, पाहिलेला फोटो असतो त्यापेक्षा रेखीव वाटतो आणि किंचित हललेला शॉट पास होऊन जातो. शार्पनिंग तपासायचं तर २०० टक्क्यांवर जावं. माझा तो बगळाही तिथे डोळ्यापाशी जरासा हललेला निघाला.

मग ४के घ्यायचाच कशाला? २४ मेगापिक्सेलचा फोटो १०० टक्क्यांवर ठेवला तर फुल एचडी पडद्यावर त्याचा अकरावा-बारावा हिस्सा दिसतो, ४केवर तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त. तेवढ्या अंगणात रिटचिंग करताना सारखं इकडून तिकडे सरकावं लागत नाही. कार्ड बदलल्यापासून स्लायडरही पुन्हा बोटाबरोबर चालतो. एखाद्या फोटोतला नॉइज काढायला मात्र अजून अर्धं मिनिट लागतं, तेवढ्यात मी मान मोकळी करून घेतो.