वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया : निर्णयाच्या आधी हवी असलेली सोबत

वजन कमी करण्यासाठी शस्त्रक्रिया करून घ्यावी का, हा विचार अनेक जण दीर्घकाळ मनातच ठेवतात. तो बोलून दाखवला तर ‘थोडा निग्रह केलास तर शस्त्रक्रियेची गरजच काय’ असे तरी ऐकावे लागेल, नाहीतर ‘करून टाक, सगळे प्रश्न एकदम सुटतील’ असे तरी, याची त्यांना आधीच कल्पना असते. यातले एकही उत्तर वैद्यकीय माहितीवर उभे नाही. तरीही ही उत्तरे इतक्या सहज दिली जातात की माणूस गप्प राहणे पसंत करतो, आणि आयुष्यभर परिणाम करणारा एक निर्णय एकट्याने घेतो.

निग्रहाच्या सल्ल्यामागचा समज शरीरशास्त्राला मान्य नाही. वजन घटू लागले की भूक वाढवणाऱ्या घ्रेलिन या संप्रेरकाचे रक्तातील प्रमाण वाढते, तृप्तीची सूचना देणारे लेप्टिन कमी होते आणि विश्रांतीच्या अवस्थेत शरीर अपेक्षेपेक्षा कमी ऊर्जा खर्च करू लागते. अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी स्पर्धेत आहार आणि व्यायामाच्या जोरावर खूप वजन कमी केलेल्या १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, त्यांच्यापैकी बहुतेकांचे वजन बऱ्याच अंशी परत आले होते, तरीही त्यांचा विश्रांतीतील ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा दररोज सरासरी सुमारे ५०० किलोकॅलरींनी कमीच होता. ज्याच्या शरीरात अशी ओढ सतत चालू आहे, त्याला आळशी ठरवणे हा सरळ अन्याय आहे.

शस्त्रक्रिया या ओढीतच फेरफार करते. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. जागा कमी झाल्याने माणूस कमी खातो हे खरे, परंतु भूक आणि तृप्तीची संप्रेरकेही बदलतात. मधुमेह असलेल्या अनेक रुग्णांची रक्तशर्करा वजन फारसे उतरण्यापूर्वीच सुधारू लागते, ती काही अंशी यामुळेच. शस्त्रक्रिया कोणासाठी, याचे निकषही बदलत गेले आहेत. १९९१च्या अमेरिकी शिफारशींमध्ये बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन किती हे सांगणारा निर्देशांक) ४० किंवा त्याहून अधिक, अथवा ३५च्या पुढे असून सोबत गंभीर आजार, अशी अट होती. २०२२च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी बीएमआय ३५ किंवा अधिक असलेल्यांना इतर आजार असो वा नसो शस्त्रक्रिया सुचवावी असे म्हटले, आणि आशियाई वंशाच्या व्यक्तींसाठी निकष आणखी खाली आणले.

‘सगळे प्रश्न सुटतील’ हे आश्वासनही तितकेच अपुरे आहे. स्वीडनमध्ये १९८७पासून चाललेल्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या २,०१० व्यक्तींची तुलना शस्त्रक्रिया न झालेल्या २,०३७ व्यक्तींशी केली गेली. शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचे प्रमाण कमी आढळले, आणि हा लाभ मोठा आहे. त्याच अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले होते, तर दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. म्हणजे काही वजन परत येणे हा अनेकांच्या वाटचालीचा नेहमीचा भाग आहे. हे आधी ठाऊक नसलेल्या व्यक्तीला तिसऱ्या वर्षी काटा थोडा वर सरकला की तो स्वतःचा पराभव वाटतो.

अशा वेळी अनुभवी माणसांची सोबत काय देते? समाजशास्त्रज्ञ जेम्स हाउस यांनी सामाजिक आधाराचे चार प्रकार सांगितले आहेत : भावनिक धीर, प्रत्यक्ष मदत, माहिती आणि आपण कुठे आहोत हे पडताळून पाहण्याची संधी. घरची माणसे पहिले दोन प्रकार उत्तम देऊ शकतात आणि डॉक्टर तिसरा. चौथ्यासाठी मात्र त्याच वाटेने गेलेली माणसेच लागतात. तिसऱ्या महिन्यात केस गळू लागले की घाबरलेल्या व्यक्तीला ‘माझेही असेच झाले होते, पुढे थांबले’ हे वाक्य ज्या प्रकारे शांत करते, तसे माहितीपत्रक करू शकत नाही.

या सोबतीच्या परिणामाचा एक बोलका पुरावा शस्त्रक्रियेच्या बाहेरचा आहे. १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात वजन कमी करण्याच्या कार्यक्रमात एकटे आलेल्या आणि नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ७६ टक्के लोकांनी कार्यक्रम पूर्ण केला आणि २४ टक्क्यांनी घटलेले वजन नंतरच्या सहा महिन्यांत पूर्णपणे टिकवले. मित्रांसह आलेल्या आणि परस्परांना आधार देण्याचे प्रशिक्षण मिळालेल्यांत हेच आकडे ९५ आणि ६६ टक्के होते. शस्त्रक्रियेनंतर आधारगटात, म्हणजे त्याच वाटेने गेलेल्या रुग्णांच्या बैठकींना, नियमित जाणाऱ्यांचे वजन अधिक घटते असे अनेक निरीक्षणांत आढळले आहे, मात्र तेथे सावध राहायला हवे, कारण ज्यांचे बरे चालले आहे तेच गटात टिकून राहत असण्याचीही शक्यता असते.

नेमकी हीच गोष्ट निर्णयापूर्वी गट शोधणाऱ्याने सर्वाधिक लक्षात ठेवायला हवी असे मला वाटते. गटात उत्साहाने बोलणारे बहुधा पहिल्या दीड वर्षातले असतात, आणि तो काळ वजन वेगाने उतरण्याचा असतो. ज्यांच्या शस्त्रक्रियेला पाच-सात वर्षे झाली आहेत, ज्यांना गुंतागुंत सोसावी लागली, ज्यांचे वजन परत आले आणि ज्यांनी पूर्ण विचार करून शस्त्रक्रिया नाकारली किंवा औषधोपचार निवडला, अशी माणसे जेथे मोकळेपणाने बोलतात तो गट खरा उपयोगी. जेथे शंका विचारणाऱ्याला नकारात्मक ठरवले जाते किंवा एकाच डॉक्टरचे वा उत्पादनाचे नाव सतत पुढे येते, तेथून निघून जावे. शोधाची सुरुवात शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयातील समन्वयक, आहारतज्ज्ञ किंवा समुपदेशक यांच्यापासून करणे सोयीचे. तारीख ठरण्याच्या काही महिने आधीपासून नुसते ऐकायला जाऊन बसले तरी पुष्कळ कळते.

घरच्यांनाही एखाद्या बैठकीला न्यावे. स्वीडनमधील २०१८च्या एका संशोधनात, शस्त्रक्रियेनंतर एकट्या व्यक्तींचे विवाह होण्याचे किंवा नवे नाते जुळण्याचे प्रमाण वाढलेले दिसले, तसे जोडप्यांमधील फारकतीचे प्रमाणही वाढलेले दिसले. शरीर बदलते तेव्हा घरातील जेवणाच्या सवयी आणि परस्परांकडून असलेल्या अपेक्षाही बदलतात, आणि जोडीदाराला त्याची पूर्वकल्पना देणे ही त्याच्याविषयीची काळजीच आहे. मनाच्या बाबतीत तर अधिक जपावे. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात ८,८१५ रुग्णांच्या अभ्यासात, स्वतःला इजा करून घेतल्यामुळे तातडीचे उपचार लागण्याच्या घटना शस्त्रक्रियेनंतरच्या तीन वर्षांत आधीच्या तीन वर्षांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी वाढल्या. अशा रुग्णांची एकूण संख्या थोडी होती आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना पूर्वीपासून मानसिक आजार होता. बायपासनंतर मद्य रक्तात लवकर आणि अधिक प्रमाणात चढते, आणि मद्याच्या आहारी जाण्याचा धोका दुसऱ्या वर्षी वाढल्याचे अमेरिकेत आढळले आहे. म्हणून नैराश्य किंवा व्यसनाचा पूर्वेतिहास असेल तर तो शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना स्पष्ट सांगावा. आपल्यावर लक्ष ठेवणारे, वागण्यातला बदल ओळखणारे निदान एक माणूसही आधीच ठरवून ठेवावे.

गटाची मर्यादाही सर्वांना माहीत असावी. गोळी कशी गिळावी किंवा पहिल्या समारंभात ताटापुढे कसे बसावे, हे गट सांगू शकतो. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बी१२ किती घ्यायचे हे मात्र रक्ततपासणी पाहून डॉक्टरच ठरवतात. या पूरक गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात, आणि दुसऱ्याचे प्रमाण आपल्याला लागू पडत नाही. बायपास झालेल्याने सहरुग्णाच्या सांगण्यावरून आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके घेतली तर जठराची पिशवी आणि आतडे यांच्या जोडावर व्रण होऊ शकतो. शस्त्रक्रियेनंतर उलट्या काही दिवस थांबत नसतील तर गटात विचारत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे : बी१ जीवनसत्त्वाचा शरीरातील साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो, आणि तो संपल्यावर मेंदूला व नसांना होणारी इजा कायमची ठरू शकते.