मनी प्लांट, स्नेक प्लांट आणि ‘नासाचं सर्टिफिकेट’

गुढीपाडव्याच्या सुमारास नर्सऱ्या भरतात आणि जुना मेसेज पुन्हा फिरू लागतो: मनी प्लांट, स्नेक प्लांट घरात ठेवा, हवा शुद्ध होते, नासाने सिद्ध केलंय.

अर्धवट माहिती आहे ही. 1989 साली शास्त्रज्ञ बिल वुल्व्हर्टन यांनी नासासाठी हवाबंद पेट्यांत झाडं ठेवून बेंझीन, फॉर्माल्डिहाइडसारखे घातक वायू सोडले. ते कमी झाले खरे, पण त्यात मुळांपाशी असलेल्या मातीतल्या जिवाणूंचाही वाटा होता. शिवाय विचार चालला होता अंतराळातल्या बंदिस्त जागेचा, टू बीएचकेचा नव्हे! आपल्या घरातली हवा दारंखिडक्यांतून आपसूक बदलते. झाडाचं काम त्यापुढे नगण्य. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये असे जुने प्रयोग एकत्र तपासले. निष्कर्ष असा: खिडक्यांइतका परिणाम हवा असेल, तर जमिनीच्या दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. सोफा कुठे ठेवणार?

मग बागेने बरं वाटतं, हेही थोतांड? मुळीच नाही. संशोधक रॉजर उलरिच यांनी 1984 मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या 46 रुग्णांच्या नोंदी छापल्या. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली.

तेव्हा हवेसाठी खिडकी उघडा आणि चैत्रात कुंडी आणायचीच तर मोगऱ्याची आणा. भरपूर ऊन द्या, बहर ओसरला की शेंडे खुडा. तिथूनच नवे फुटवे येतात, त्यांवर पुन्हा कळ्या.