पार्श्वभूमी : लांब केस आणि त्यांच्यावरचं कापड

साटीनच्या टोप्या, विणलेल्या जाळ्या आणि रेशमी रुमाल आता साताऱ्यात, कऱ्हाडात, सांगली-मिरजेत मोबाइलवरून मागवले की घरपोच येतात. विकणारे त्यांना 'आजीच्या काळातलं गुपित' म्हणतात. रात्री टोपी घाला, केस तुटणार नाहीत, फाटे फुटणार नाहीत, शेपटा कमरेखाली जाईल. टोपीचं बरंचसं खरं आहे. आजीचं मात्र तपासून घ्यावं लागतं. आमच्याकडच्या आज्यांनी डोकं झाकलं ते उन्हासाठी, धुळीसाठी, पावसासाठी आणि सासऱ्यांसमोर उघड्या डोक्याने जायचं नाही म्हणून. त्या ओघात केसही वाचले.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. सत्तर-ऐंशी सेंटिमीटरच्या वेणीचं टोक त्यामुळे सहा-सात वर्षांचं जुनं असतं आणि तेवढ्या वर्षांचं ऊन, फणी, उशी त्याने सोसलेली असते. केसावर सूक्ष्म खवले असतात, कौलारू छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढवलेले, टोकाकडे उतरते. खरबरीत कापडावर रात्रभर डोकं घासलं की ते उचकटतात. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. उन्हातले अतिनील किरण केसातली प्रथिनं आणि रंग मोडतात. झाकण कुठलंही असो, ते घासणं, गुंता आणि ऊन एवढंच कमी करतं. केस वाढवत नाही.

सातारा जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडला तर डोक्यावरची वस्तू बदलत जाते. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पूर्वेकडच्या माण तालुक्यात त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. जावळी-पाटणच्या भातखाचरांत बायका बांबूच्या कामट्या आणि पानांचं इरलं पाठीवर घेऊन लावणी करत. इरलं नसेल तर घोंगडीची खोळ, पुढे गोणपाटाची. डोंगरातल्या बाईपुढे प्रश्न केस कोरडे ठेवायचा होता, कारण ओला अंबाडा दिवसभर तसाच राहिला तर वास मारतो आणि टाळू खाजते. माण, खटाव आणि पुढे सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी, जतकडे ऊन आणि वारा. तिथे पदर, आणि पदरावर कामाचं फडकं किंवा कानांवरून घट्ट बांधलेली टापर. ऊसतोडीला गेलेली बाई आजही साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवते आणि डोकं फडक्याने आवळते. पाचटाची, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांची, बारीक कुसळं एकदा केसांत शिरली की निघता निघत नाहीत.

पदराखाली काय होतं हे कुठलीच जाहिरात सांगत नाही. पदराखाली तेल होतं आणि बांधलेला अंबाडा होता. केस रोज धुतले जात नसत. दिवसभर सुटे तर कधीच नसत, सुटे केस अशुभ मानले जात. शाळेत जाणाऱ्या मुलींच्या दोन वेण्या दुमडून रिबनीने वर बांधलेल्या असत. टोकं आत दडवण्याचा तो उत्तम उपाय होता, पण सक्ती होती शिस्तीची. तेलाबद्दल बोलायचं तर २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल तपासून दाखवलं की केसातली प्रथिनं धुपणं खोबरेलाने कमी होतं, बाकी दोघांनी नाही. संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच प्रयोगशाळेतले होते, हेही सांगायला हवं. तरी खोबरेल केसात आत मुरतं ही गोष्ट बऱ्यापैकी मान्य झालेली आहे. सुती पदर थोडं तेल पिऊन घेई, थोडं केसांवर राही. डोक्यावरून घेतलेल्या साडीला तेलकट पट्टा पडायचा, तो यामुळेच.

झाकण्याच्या या इतिहासाला काळी बाजूही आहे. केशवपन केलेल्या विधवेच्या डोक्यावर आलवण, म्हणजे विधवेचं तांबडं लुगडं, असे आणि त्याखाली वाचवायला केसच नसत. 'पूर्वी बायका डोकं झाकत म्हणून केस लांब राहत' असं सरसकट लिहिणाऱ्यांनी निदान तेवढं तरी आठवावं.

परदेशातल्या वस्तूंचा पूर्वेतिहास थोडक्यात. विणलेली जाळी युरोपात जुनीच. १८६० च्या आसपास ती पुन्हा चालली, अंबाडा मानेवर जाळीत सोडायची पद्धत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माणसाच्याच केसांच्या बारीक जाळ्या आल्या. केस चीनमधले, गाठी मारणारे हात आधी मध्य युरोपातले, मग चीनच्याच शांतुंग प्रांतातले. चीनमध्ये राजवट उलथल्यावर पुरुषांच्या शेंड्या कापल्या गेल्या, त्यांचेही केस या धंद्यात आले. १९२० नंतर पाश्चात्त्य बायकांनी केस कानापर्यंत कापायला सुरुवात केली आणि जाळीचा बाजार बसला. आमच्याकडे मोठ्या अंबाड्यासाठी गुंतवळ, म्हणजे विंचरताना निघालेले केस, जपून ठेवत आणि त्याचं गंगावन, म्हणजे केसांत मिसळायचा जोडशेपटा, करत. काळी जाळी अंबाड्यावर आली ती पुढे, नायलॉनच्या जमान्यात.

सगळ्यात जास्त वाद झाला तो मात्र दुसऱ्या महायुद्धात. कारखान्यात आलेल्या बायकांनी केस कापायचे की झाकायचे? आज 'व्हिंटेज' म्हणून जे काही विकलं जातं, त्यातलं बहुतेक या चार-पाच वर्षांतलं आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

डिसेंबर १९४१ मध्ये ब्रिटनने वीस ते तीस वयाच्या अविवाहित बायकांना युद्धकामावर सक्तीने घेण्याचा कायदा केला. काल दुकानात किंवा घरकामाला असलेली मुलगी आज ड्रिलपुढे उभी राहिली. शाफ्ट आणि पट्टे उघडे असत. केस अडकला तर डोक्याची कातडी सोलून निघे आणि असे अपघात होत होते. शिवाय फिरत्या पट्ट्यावर स्थिर वीज साठते, तिने सुटी बट ओढली जाते, त्यामुळे 'मी हातभर लांब उभी होते' याला अर्थ नसे. कारखान्यांनी टोप्या दिल्या. बायकांनी त्या घातल्या, पण कपाळावरची वळणं बाहेर ठेवून, कारण त्या काळच्या केशरचनेचा सगळा डौल तिथेच होता. सुरक्षा पाहणाऱ्यांच्या मते हा निव्वळ हट्ट होता. मला तो तितका पोरकट वाटत नाही. दहा-दहा तास पाळी करून त्याच अवतारात बाहेर पडणाऱ्या मुलीकडे आपलं म्हणावं असं फार थोडं उरलं होतं.

तोडगा निघाला रुमालाचा. चौकोनी कापड तिरकं दुमडायचं, मानेकडून पुढे आणायचं, कपाळावर गाठ मारून टोकं आत खोचायची. आत केस गुंडाळायच्या नळ्या तशाच ठेवता येत आणि संध्याकाळी रुमाल सोडला की केस वळलेले तयार. यात आणखी एक कारण मिसळलं, त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. फेब्रुवारी १९४२ पासून ब्रिटनमध्ये साबणावर रेशन आलं. केस वरचेवर धुणं परवडेना. रुमालाखालचे केस बऱ्याचदा मळलेले असत आणि ते झाकणं हाच रुमालाचा मोठा उपयोग होता.

अमेरिकेत हाच वाद सिनेमातून गाजला. एका अभिनेत्रीची एका डोळ्यावर झुकलेली लांब बट इतकी लोकप्रिय होती की कारखान्यातल्या मुली तिची नक्कल करू लागल्या. १९४३ मध्ये सरकारच्या सांगण्यावरून तिने केस वर बांधले आणि तसं करून दाखवणारी चित्रफीतही निघाली. पुढे तिची लोकप्रियता ओसरली आणि दोष बदललेल्या केशरचनेला दिला गेला. एवढं एकच कारण असेल असं वाटत नाही, पण गोष्ट म्हणून ती टिकली. आपण मात्र तिच्यातून चुकीचा धडा घेतो, की लांब केस आणि यंत्र यांचं जमत नाही. रुमालाखाली पूर्ण केस घेणाऱ्या बायका लांब केसांसकट काम करत होत्याच.

जाळीचं काय? 'युद्धकाळातली कारखान्याची जाळी' म्हणून आज जी विकतात, ती यंत्रापुढे कुचकामी होती. भोकांतून टोकं बाहेर येतात आणि खुद्द जाळीही अडकू शकते. ती शोभायची रस्त्यावर, कचेरीत, मानेवर टेकलेल्या जड केसांना आधार म्हणून. आज लांब केसांसाठी ती घ्यायची तर तेवढ्याचसाठी घ्यावी. दिवसभर केस एका जागी राहतात, खांद्याला आणि खुर्चीच्या पाठीला घासत नाहीत. रात्रीसाठी तिचा फायदा कमी, कारण उशीवरचं घासणं भोकांतून होतंच.

त्याच १९४३ मध्ये आपल्याकडे सुती कापड आणि सुतावर नियंत्रणाचा हुकूम निघाला. नऊवारीची टंचाई झाली. जुन्या लुगड्याचं फडकं डोक्याला बांधणं ही तेव्हा काटकसर होती. विरलेलं सुती लुगडं नव्या कापडापेक्षा कितीतरी मऊ असतं आणि केसांना मऊच बरं, हा त्यातला नकळत झालेला लाभ.

स्वातंत्र्यानंतरचा काळ आमच्या भागात पदर उतरण्याचा आहे, निदान शहरातल्या शिकलेल्या घरांत. मिरजेच्या मिशन इस्पितळात परिचारिकांच्या डोक्यावर खळ घातलेली पांढरी टोपी असे, तिच्यात केस झाकण्यापेक्षा हुद्दा दाखवणंच जास्त. सूतगिरण्यांत कापसाची उड केसांवर बसते, म्हणून तिथे फडकं राहिलं. शेतात राहिलंच. बाकी डोकी उघडी झाली आणि तेलही हळूहळू कमी झालं. शाम्पूच्या पुड्या किराणा दुकानात लटकू लागल्या तेव्हा केस आठवड्यातून दोन-तीनदा धुणं सुरू झालं. लांब केसांचं खरं नुकसान इथून वाढलं, असं माझं मत आहे.

मग गाड्या आल्या. १९७५ मध्ये साताऱ्यात स्कूटरचा कारखाना स्थापन झाला, 'प्रिया' तिथली. बाई मागे एका बाजूला बसायची, पदर दातात किंवा मुठीत. गिअर नसलेल्या गाड्या आल्यावर मुली स्वतः चालवू लागल्या आणि १९९० नंतर कॉलेजच्या रस्त्यांवर स्कार्फ दिसू लागला. पद्धत पुण्याची. ओढणी डोक्यावरून घ्यायची, नाकावरून फिरवून मागे गाठ मारायची, डोळे तेवढे उघडे. घरच्यांनी त्याला 'डाकू' म्हणून नावं ठेवली. पुणे-बंगळूर महामार्गाचं चौपदरीकरण चाललं होतं त्या वर्षांत साताऱ्यापासून पेठ नाक्यापर्यंत जी धूळ उडायची, ती ज्यांनी खाल्ली त्यांना तो स्कार्फ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

स्कार्फबद्दल मतं दोन टोकांची. चेहरा झाकून मुली काहीही करतात, असं एक. उन्हाने त्वचा काळवंडते म्हणून बांधतात, असं दुसरं. केसांचा विचार दोन्हीकडे नव्हता. प्रत्यक्षात वाऱ्यावर फडफडणारी सुटी वेणी गाडीवर जितकी गुंतते तितकी दुसऱ्या कशाने क्वचितच गुंतत असेल. पण स्कार्फ डोकं आणि चेहरा झाकतो, वेणी पाठीवर मोकळीच राहते. ज्या मुलींनी वेणी कुर्त्याच्या आत सोडली किंवा अंबाडा करून वर स्कार्फ घेतला, त्यांचे केस टिकले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात शिरस्त्राण आहे, पोलीस अडवतात तेव्हा तेही चढतं. त्याचं अस्तर घासतं आणि घाम धरतं, म्हणून खाली पातळ रुमाल. अंबाडा उंच बांधला तर शिरस्त्राण बसत नाही, त्यामुळे आता अंबाडे मानेवर उतरलेत. २०२० मध्ये तोच स्कार्फ मास्क झाला.

साटीनच्या रात्रटोपीचा उगम या सगळ्यापेक्षा निराळा आहे. ती आली अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांकडून. तिथे १७८६ मध्ये, लुईझियाना स्पेनच्या ताब्यात असताना, गव्हर्नरने अशा स्वतंत्र बायकांना केस कापडाखाली झाकायचा हुकूम दिला होता, त्या गोऱ्या बायकांहून वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून. त्यांनी तेच कापड रंगीत, उंच, नखरेल बांधलं. घट्ट कुरळे केस लवकर कोरडे पडतात आणि उशीवर तुटतात, त्यामुळे रात्री गुळगुळीत कापड बांधणं तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचं झालं. केसांसाठी म्हणून, ठरवून झाकणं कुठे असेल तर ते इथे. तिला 'आपल्या आजीची' म्हणून विकणं मला खटकतं.

आपल्याकडच्या तेल लावलेल्या, सरळ किंवा लाटदार केसांना तीच टोपी तशीच्या तशी लागू पडते असं नाही. साटीन ही विणण्याची पद्धत, धागा बहुतेक पॉलिएस्टरचा. सांगलीच्या एप्रिलमध्ये तेलकट डोक्यावर ती रात्रभर घातली तर टाळूला घाम येतो आणि कोंडा वाढतो. लवचीक पट्टी घट्ट असेल तर कपाळावरचे केसच आधी तुटतात. जुन्या रेशमी साडीचा तुकडा सैल गुंडाळणं किंवा नुसती उशीची खोळ रेशमी करणं उन्हाळ्यात अधिक सोसतं. दोन्ही आठवड्याला धुवावं लागतं, कारण तेल त्यात साठतं.

२०११ पासून अन्नपदार्थ हाताळणाऱ्यांनी डोकं झाकावं असा नियम आहे. तासगावकडच्या बेदाणा शेडमध्ये निवडायला बसणाऱ्या बायकांना जी पातळ, फेकून देण्याची टोपी मिळते, ती त्या नियमापोटी. केस बेदाण्यात पडू नये एवढाच तिचा उद्देश. ती कडक असते, लवचीक दोरी कानामागे टोचते. बायका आधी स्वतःचं सुती फडकं बांधतात आणि वर ती टोपी चढवतात.