भूल उतरण्याआधीच रेडिएशन

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात नव्वदच्या दशकात, कर्करोगामुळे काढून टाकलेले 30 स्तन अथपासून इतिपर्यंत तपासले गेले. नुसती गाठ नव्हे, अख्खा अवयव. 63 टक्के स्तनांमध्ये मुख्य गाठीखेरीज कर्करोगाचे बारीक ठिपके सापडले, आणि त्यांतल्या बहुतेक स्तनांत ते गाठीपासून दूर, दुसऱ्याच भागात होते. हे 1996 साली प्रसिद्ध झालं, आणि त्यातून एक कोडं उभं राहिलं. स्तन राखून फक्त गाठ काढलेल्या स्त्रियांमध्ये आजार उलटलाच, तर दहापैकी नऊ वेळा तो मूळ गाठीच्याच भागात उलटतो. मग दूरचे ते ठिपके करतात तरी काय? बहुधा वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात. आणि तसं असेल, तर पूर्ण स्तनावर आठवडेच्या आठवडे किरण मारायचे कशासाठी?

हा प्रश्न विचारणाऱ्यांत डॉ. जयंत वैद्य होते. गोव्याचे, टाटात शिकलेले शल्यविशारद. पुढे लंडनमध्ये सर्जन मायकेल बॉम आणि रेडिएशनतज्ज्ञ जेफ्री टोबायस यांच्यासोबत त्यांनी, फक्त गाठीच्या जागेवर किरण द्यायच्या कल्पनेला यंत्राचं रूप दिलं. जुलै 1998 मध्ये पहिल्या रुग्णेला शस्त्रक्रियेच्या टेबलावरच रेडिएशन मिळालं.

पद्धत सांगायला सोपी आहे. सर्जन गाठ काढतो. मागे जी पोकळी उरते तिच्यात एक गोल टोक बसवलं जातं. पोकळी बघून बोराएवढं किंवा लिंबाएवढं. कडेचं मांस त्याला चिकटून राहावं म्हणून टाका घालून आवळतात, त्वचा मात्र जपून बाजूला धरतात. मग साधारण अर्धा तास गोळ्याच्या मध्यातून मंद क्ष-किरण बाहेर पडतात. गोळ्याला टेकलेल्या पेशींना सुमारे 20 ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) मात्रा मिळते, एक सेंटिमीटर आत जाईपर्यंत ती 5 ते 7 ग्रेवर येते. त्यामुळे हृदय आणि फुप्फुस जवळपास सुटतात. किरणांची ताकद फक्त 50 किलोव्होल्ट, म्हणून जाड भिंतींचं खास ऑपरेशन थिएटर लागत नाही. रुग्णा भुलेतून जागी होते तेव्हा बहुतेकींचं रेडिएशन आटोपलेलं असतं.

बहुतेकींचं, सगळ्यांचं नाही. काढलेल्या गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट नंतर येतो. त्यात कडा स्वच्छ नसल्या, काखेत आजार पोचलेला दिसला किंवा गाठीचा प्रकार वेगळा निघाला, तर नेहमीचं बाहेरून द्यायचं रेडिएशनही घ्यावं लागतं. वैद्यांच्या मोठ्या चाचणीत पाचातल्या साधारण एकीवर ही वेळ आली. डॉक्टरांनी हे शस्त्रक्रियेआधीच सांगायला हवं.

त्या चाचणीचं नाव टार्गिट-ए. 45 वर्षांवरच्या 2298 स्त्रिया, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट. पाच वर्षांत त्याच स्तनात आजार उलटण्याचं प्रमाण टेबलावरच्या गटात 2.11 टक्के, नेहमीच्या गटात 0.95 टक्के. फरक जेमतेम एका टक्क्याचा. आधी ठरवलेल्या अडीच टक्क्यांच्या मर्यादेच्या आत. स्तनाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत ठळक फरक नाही. इतर कारणांनी झालेले मृत्यू मात्र टेबलावरच्या गटात कमी: 45, दुसऱ्यात 74. हृदय वाचलं म्हणून हे झालं, असं वैद्य यांच्या गटाचं म्हणणं. मला हा आकडा मोहात पाडणारा वाटतो, म्हणूनच तो जपून वापरावा असंही वाटतं. कोणते उपचार वापरावेत याची शिफारस करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनेही 2018 मध्ये हात आखडताच घेतला: जिथे यंत्र आधीच आहे तिथेच वापरा, आणि नोंदी ठेवा.

या सावधपणाला मिलानमधल्या अनुभवाचीही जोड आहे. तिथे कर्करोगाचे सर्जन उंबेर्तो वेरोनेसी यांच्या संस्थेत, टेबलावरच पण इलेक्ट्रॉनचा झोत वापरून 21 ग्रेचा एकच डोस दिला गेला. यंत्र वेगळं, रुग्णांची निवडही वेगळी. पंधरा वर्षांनी आजार उलटण्याचं प्रमाण 12.6 टक्के निघालं, नेहमीच्या गटात 2.4. तरीही दोन्ही गटांतल्या स्त्रिया जगल्या सारख्याच.

हे शेवटचं वाक्य सत्तरीच्या बाईसाठी फार महत्त्वाचं आहे. ब्रिटनमधून चाललेल्या प्राइम-टू चाचणीत 65 वर्षांवरच्या 1326 स्त्रिया होत्या: लहान गाठ, काख स्वच्छ, हार्मोनला प्रतिसाद देणारा कर्करोग, आणि सगळ्यांना हार्मोनचा परिणाम रोखणाऱ्या गोळ्या. निम्म्यांना रेडिएशन दिलंच नाही. दहा वर्षांनी त्यांच्यात 9.5 टक्क्यांना त्याच स्तनात आजार उलटला, रेडिएशन घेतलेल्यांत 0.9 टक्क्यांना. जिवंत राहण्याचं प्रमाण दोन्हीकडे 81 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे या वयात प्रश्न आयुष्य वाढवण्याचा कमी, आणि पुन्हा एकदा ऑपरेशन टेबलावर जावं लागू नये याचा जास्त.

दरम्यान बाहेरून द्यायचं रेडिएशनही आखूड झालं. पाच आठवड्यांचं तीन आठवड्यांवर आलं, आणि 2020 मध्ये फास्ट-फॉरवर्ड चाचणीने पाच दिवसांत 26 ग्रे पुरतात हे दाखवलं. त्यामुळे माझ्या मते, शहरात घराजवळ मशीन असलेल्या आजींना टेबलावरच्या रेडिएशनचा फायदा आता पूर्वीइतका मोठा उरलेला नाही. दूरवरून येणारीचं गणित वेगळं. परळच्या टाटा रुग्णालयात उपचारांसाठी येणारी कितीतरी कुटुंबं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम ठोकतात. सोबतीला आलेल्या मुलाची रोजी बुडते. मात्र हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी गाठतो, आणि पहिल्या तपासणीतच गाठ अनेकदा मोठी असते. अशा रुग्णा या चाचण्यांत बसतच नाहीत.

रेडिएशन टाळण्याचा हिशेब गोळ्यांवर उभा आहे, हेही विसरू नये. पाच वर्षं रोज गोळी. सांधे आखडतात, अंगातून गरम वाफा निघतात, हाडं ठिसूळ होतात, आणि बऱ्याच जणी कुणाला न सांगता गोळ्या सोडतात. इटलीतून निघालेल्या युरोपा चाचणीत म्हणूनच उलटा प्रश्न विचारला आहे: सत्तरीपुढच्या बाईला फक्त रेडिएशन द्यावं की फक्त गोळ्या? दोन वर्षांपर्यंतच्या पाहणीत रोजच्या जगण्याची प्रत फक्त रेडिएशन घेतलेल्यांत जास्त टिकून राहिली.