भाड्याने फिरलेली जुनी इलेक्ट्रिक कार: घ्यावी का, आणि घेताना काय तपासावे

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

टॅक्सी कंपन्या, कर्मचारी वाहतुकीचे ठेकेदार आणि सेल्फ-ड्राइव्हवाले यांच्या इलेक्ट्रिक गाड्या आता जुन्या बाजारात येऊ लागल्या आहेत. गाडी तीन-चार वर्षांची, भाव मोहात पाडणारा आणि मीटरवर दीड-पावणेदोन लाख किलोमीटर. आकडा पाहून काही जण लगेच मागे फिरतात, तर काही जण भाव ऐकून जागेवरच टोकन देतात. दोघेही चुकीच्या गोष्टीकडे बघत असतात. मोटर आणि रिडक्शन गिअर यांना दीड लाखाचे फारसे काही वाटत नाही. पैसा अडकतो तो बॅटरीत, चार्जिंग सॉकेटच्या प्रकारात आणि कागदपत्रांत.

आम्ही जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांची तपासणी करतो. आमचे मत आधीच सांगतो. रोजची धाव ६० ते १०० किलोमीटर, रात्री गाडी स्वतःच्या जागेत उभी आणि तिथे १५ अँपिअरचा सॉकेट, असे असेल तर तपासून घेतलेली अशी गाडी फायद्याची ठरते. पार्किंगमध्ये वीज नसेल किंवा महिन्यातून चार वेळा पुणे-नागपूर करायचे असेल, तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

आधी सॉकेट बघा, मग गाडी

बॉनेट उघडण्याआधी चार्जिंगचे झाकण उघडा. सुरुवातीच्या काळात सरकारी कार्यालये आणि फ्लीटना (टॅक्सी कंपन्या-ठेकेदारांच्या ताफ्यांना) गेलेल्या महिंद्रा ई-व्हेरिटो, जुन्या टिगोर ईव्ही आणि टाटा एक्स्प्रेस-टीच्या २१.५ युनिट बॅटरीच्या गाड्या ७२ व्होल्टच्या आसपास चालणाऱ्या आहेत. (एक किलोवॅट-तास म्हणजेच विजेच्या बिलातले एक युनिट. या पत्रकात बॅटरीची क्षमता युनिटमध्येच दिली आहे.) या गाड्यांचे जलद चार्जिंग ‘भारत डीसी-००१’ या जुन्या पद्धतीचे, जास्तीत जास्त १५ किलोवॅटचे आहे. त्याची गन गोल, नऊ पिनांची.

आज हायवेवर, मॉलमध्ये, हॉटेलांत नव्याने बसणारी यंत्रे ‘सीसीएस-२’ या जलद चार्जिंगच्या नव्या पद्धतीची असतात. त्याच्या सॉकेटला वर सात छिद्रांचा गोल आणि खाली दोन जाड पिना. जुन्या गाडीला ‘ॲडॉप्टर लावला की झाले’ असे कोणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका. सीसीएस यंत्राचे किमान व्होल्टेजच या बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा जास्त असते. अशी गाडी घरच्या चार्जिंगवर शहरात फिरवायला ठीक आहे, पण ती शहरापुरतीच, हे मान्य करून आणि भावात तेवढी सूट घेऊनच घ्यावी. एक्स्प्रेस-टीची २६ युनिटवाली, २०२१च्या ऑगस्टनंतरची टिगोर ईव्ही, सिट्रोएन ई-सी३, एमजी झेडएस या सीसीएस-२वाल्या. एक्स्प्रेस-टीमध्ये २५.५ आणि २६ असे दोन पर्याय होते आणि जाहिरातीत दोन्ही सारखेच दिसतात. जलद चार्जिंगचा कंपनीने दिलेला वेळ मात्र पहिल्याचा ११० मिनिटे आणि दुसऱ्याचा ५९ मिनिटे. फरक तिथेच कळतो.

फ्लीटमध्ये गन दिवसातून दोन-तीनदा लागते-निघते. पिनांवर काळपट किंवा निळसर झाक, प्लास्टिक वितळल्याची खूण, तुटलेले लॉक किंवा झाकण दिसले तर एसी (घरच्यासारखे हळू) आणि डीसी (जलद) दोन्ही प्रकारे किमान २० मिनिटे चार्ज करून बघा. सैल पिन पहिल्या पाच मिनिटांत पकडली जात नाही. ती तापल्यावर चार्जिंग आपोआप तुटते.

घरच्या सॉकेटवर लावायचा पोर्टेबल चार्जर गाडीसोबत आहे का, तेही विचारा. फ्लीटच्या गाड्या त्यांच्या चार्जिंग तळावरच चार्ज होत असल्यामुळे तो बऱ्याचदा हरवलेला असतो. वेगळा घ्यायला पाच आकडी रक्कम लागते.

बॅटरीची खरी क्षमता: दोन रात्रींची मोजणी

डॅशबोर्डवर १०० टक्के दिसते म्हणजे बॅटरी शंभर टक्के चांगली असे नाही. ते टक्के उरलेल्या क्षमतेचे असतात, नव्या बॅटरीचे नव्हेत. टाटाच्या २६ युनिटवाल्या गाड्यांत आणि ई-सी३मध्ये एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) प्रकारच्या सेल असतात. त्यांचे व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे बरेच दिवस पूर्ण चार्ज न केलेल्या गाडीचा काटा चुकीचे टक्के दाखवू लागतो. दोन ट्रिपांच्या मध्ये ८० टक्क्यांपर्यंत भरून पळणाऱ्या टॅक्सीत हे हमखास होते. म्हणून एका फेरफटक्यावर निष्कर्ष काढू नका.

पहिल्या रात्री गाडी पोर्टेबल चार्जरवर पूर्ण भरा आणि १०० दिसल्यावरही चार्जिंग आपणहून थांबेपर्यंत लावून ठेवा. दुसऱ्या दिवशी गाडीचा एअर कंडिशनर चालू ठेवून, नेहमीच्या रस्त्याने १० टक्के उरेपर्यंत चालवा. किती किलोमीटर झाले ते लिहा. दुसऱ्या रात्री सॉकेट आणि चार्जर यांच्यामध्ये १६ अँपिअरचा एनर्जी मीटर लावून १० ते १०० टक्के चार्ज करा. आठ-नऊ तास लागतील. मीटरवरचे युनिट टिपा.

हिशोब असा. समजा कंपनीच्या आकड्याने बॅटरी २६ युनिटची आहे आणि मीटरवर २१.५ युनिट आले. भिंतीतून घेतलेल्या विजेतली साधारण १२ टक्के चार्जरच्या उष्णतेत जाते, म्हणून २१.५ ला ०.८८ ने गुणा: १८.९. हे ९० टक्क्यांचे झाले, म्हणून ०.९ ने भागा: २१. मूळ २६ शी तुलना केली तर ८१ टक्के. नवी गाडी असती तर याच मोजणीत मीटरवर साडेसव्वीसच्या आसपास युनिट आले असते. कंपनीच्या आकड्यातली थोडी क्षमता मुद्दाम राखीव ठेवलेली असते, तेव्हा तीन-चार टक्के इकडेतिकडे धरायचे.

८५च्या वर आकडा आला तर निश्चिंत. ७८ ते ८५मध्ये भाव पाडून घ्या. ७० ते ७८मध्ये बॅटरीची वॉरंटी तुमच्या नावावर लेखी मिळत असेल तरच. त्याखाली नको. हे कंपनीचे नियम नाहीत, आमचे मत आहे.

उरलेली क्षमता चांगली असूनही गाडी दगा देऊ शकते, आणि ते कारण वेगळे असते. पॅकमधल्या शेकडो सेलपैकी एक गट कमजोर झाला की बाकी सगळे भरलेले असूनही गाडी त्या गटाच्या हिशोबाने थांबते. लक्षण म्हणजे २० टक्क्यांपर्यंत सगळे ठीक, मग काटा एकदम १२ वर आणि डॅशबोर्डवर कासवाचे चिन्ह, म्हणजे गाडीने ताकद कमी केली. म्हणूनच चाचणीत १० टक्क्यांपर्यंत जायचे. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरवर किंवा त्या गाडीला चालत असेल तर ओबीडी डोंगलवर (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावून मोबाइलवर आकडे दाखवणारे छोटे यंत्र) सर्वात जास्त आणि सर्वात कमी सेल व्होल्टेज बघा. गाडी उभी असताना, अर्ध्या चार्जवर फरक १०-२० मिलिव्होल्ट असला तर उत्तम. ५० च्या वर गेला तर पुढची चौकशी करा.

महिनोन्‌महिने उभी राहिलेली गाडी

रोज पळालेल्या गाडीपेक्षा उभी राहिलेली गाडी जास्त धोक्याची. एप्रिल २०२५मध्ये दिल्ली-एनसीआर आणि बंगळुरूतली ब्लूस्मार्टची सेवा बंद पडली आणि तिच्या हजारो गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. लहान ठेकेदारांच्या बंद पडलेल्या कंत्राटांतल्या गाड्यांचेही असेच होते.

उभ्या गाडीत ट्रॅकर आणि इतर यंत्रणा १२ व्होल्टची छोटी बॅटरी खातात. ती मेली की मोठ्या बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणाही गाफील होते. त्यात गाडी ५-१० टक्क्यांवर सोडून दिलेली असेल, तर काही महिन्यांत सेल सुरक्षित व्होल्टेजच्या खाली जातात आणि आतल्या तांब्याचे थर खराब होतात. अशा सेल परत चार्ज झालेल्या दिसल्या तरी भरवशाच्या राहत नाहीत. मागच्या बारा महिन्यांचे चार्जिंगचे किंवा ट्रिपांचे रेकॉर्ड मागा. नसेल तर सर्व्हिस हिस्ट्रीतल्या तारखांमधली पोकळी बघा. सहा महिन्यांहून जास्त उभी असलेल्या गाडीला वरच्या मोजणीशिवाय हात लावू नका.

बाकी गाडी

लिफ्टवर चढवून बॅटरीचे खालचे कवच बघा. गतिरोधकावर घासलेले ओरखडे चालतील, आत दबलेली खळगी किंवा सीलपाशी फट चालणार नाही. नारिंगी केबल्सच्या जोडांवर हिरवट-पांढरा थर म्हणजे पाणी शिरलेले. असा दोष उन्हाळ्यात लपतो आणि पावसाळ्यात इन्सुलेशन फॉल्टची चूक दाखवून गाडी बंद पाडतो. तेव्हा जानेवारी ते मे या काळात घेत असाल तर इन्सुलेशनची तपासणी वेगळी करून घ्या.

ब्रेक पॅड बहुतेक चांगले सापडतील, कारण रीजनमुळे (वेग कमी करताना मोटरच गाडीला रोखून वीज परत बॅटरीत भरते) ते कमी वापरले जातात. त्याच कारणाने कॅलिपरच्या पिना मात्र जाम होतात. सस्पेन्शनमधले लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड आणि व्हील बेअरिंग यांचा खर्च आधीच धरून ठेवा. मागचे डावे दार आवर्जून उघड-बंद करा. प्रवासी तिथूनच चढतात-उतरतात, त्यामुळे बिजागरी आणि लॉक सर्वात आधी तेच जातात. ड्रायव्हर सीटचा फोम आणि काचेची बटणे पाहिली की मीटरवरचे किलोमीटर खरे वाटतात की नाही, तेही कळते.

वॉरंटी

खासगी गाड्यांच्या जाहिरातीतली ‘८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर’ ही ओळ फ्लीटच्या गाडीला जशीच्या तशी लागू होत नाही. रोज २०० किलोमीटर आणि वर्षात ३०० दिवस, म्हणजे वर्षाला ६०,०००. या वेगाने १,६०,००० पावणेतीन वर्षांतच संपतात. व्यावसायिक मॉडेलच्या अटीही वेगळ्या असू शकतात. चेसिस नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून तीन प्रश्नांची उत्तरे ईमेलवर घ्या: बॅटरीची वॉरंटी कोणत्या तारखेपर्यंत आणि किती किलोमीटरपर्यंत आहे, दुसऱ्या मालकाच्या नावावर होते का, आणि क्षमता घटणे त्यात धरले आहे की फक्त उत्पादनातला दोष. सोबत नव्या पॅकचे कोटेशनही मागा. तो आकडा पाहून अनेक जण विचार बदलतात, आणि ते बरेच आहे.

कागदपत्रे

हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे म्हणजे गाडी व्यावसायिक, पांढरी म्हणजे खासगी. व्यावसायिक गाडी खासगीत आणायची तर आरटीओकडे प्रकार बदलण्याचा अर्ज, फिटनेस चालू, दंड आणि कर्ज शून्य. बॅटरीवरच्या गाड्यांना २०१८पासून परमिटची सक्ती नाही, तरी घेतलेले असेल तर ते जमा करावे लागते. इलेक्ट्रिक गाड्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या फेम-२ अनुदान योजनेतली चारचाकीची सवलत फक्त व्यावसायिक वापरासाठी होती. अशी सवलत घेतलेली गाडी खासगी करता येईल का, हे टोकन देण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

आरसीवर नाव एकाचे, चालवणारा दुसरा आणि कर्ज तिसऱ्याचे, असे या धंद्यात नेहमीचे आहे. सौदा आरसीवरच्या मालकाशीच करा. फायनान्स असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३०, परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८. ई-चलन महाराष्ट्राबरोबरच गाडी जिथे जिथे फिरली तिथलेही तपासा.

विक्रेता जीएसटी नोंदणीकृत असेल तर २०२५च्या सुरुवातीपासून जुन्या इलेक्ट्रिक गाडीवरही १८ टक्के जीएसटी लागतो, पण तो पूर्ण किमतीवर नाही, विक्रेत्याच्या फरकाच्या रकमेवर. बिलात पूर्ण किमतीवर लावलेला दिसला तर प्रश्न विचारा.

ताब्यात घेताना तीन गोष्टी काढून किंवा बदलून घ्या. ८० किलोमीटरचा वेगमर्यादक, तो खासगी नोंदणी झाल्यावर अधिकृत सर्व्हिस सेंटरमधूनच काढा. फ्लीटने बसवलेला ट्रॅकर, कारण त्यातून गाडी दुरून बंद करता येऊ शकते. आणि कंपनीच्या ॲपवरचे आधीच्या मालकाचे खाते. विमाही व्यावसायिकचा खासगी करून घ्या, नाहीतर दाव्याच्या वेळी अडचण येते.

पैशांचे गणित

महिन्याला १,२०० किलोमीटर धरा. भिंतीतून मोजले तर लहान सेडानला सुमारे १७० युनिट लागतात. घरगुती बिलात हे युनिट वरच्या टप्प्यात जाऊन बसतात, म्हणून दर १२ रुपये धरला तरी २,०४० रुपये. १६ चे मायलेज देणाऱ्या पेट्रोल गाडीला ७५ लिटर, १०४ रुपयांच्या भावाने ७,८००. फरक पाच-पावणेसहा हजारांचा. तीन वर्षांत तो दोन लाखांच्या आसपास जातो. तेवढ्याच वयाची पेट्रोल गाडी आणि ही गाडी यांच्या किमतीतला फरक, सॉकेट-वायरिंगचा खर्च आणि सस्पेन्शनसाठी राखलेले पैसे यांची बेरीज या रकमेच्या आत बसली तर सौदा करा. महिन्याला ५०० किलोमीटरच चालवणाऱ्याला हे गणित बसत नाही.

घरच्या सॉकेटसाठी मीटरपासून वेगळी ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (जादा भार आला की तुटणारा स्विच), ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीजगळती झाली की तुटणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवे. अर्थिंग कच्चे असेल तर बरेच चार्जर सुरूच होत नाहीत, आणि गाडीत दोष आहे असे समजून लोक गाडी परत घेऊन येतात.

आमच्याकडे तपासणीला आणताना गाडी १० ते १५ टक्के चार्जवर आणावी. पूर्ण भरून आणली तर पहिल्या रात्रीचे चार्जिंग करता येत नाही. सोबत आरसीची प्रत, सर्व्हिस रेकॉर्ड, दोन्ही चाव्या आणि पोर्टेबल चार्जर असावा. गाडी दोन रात्री ठेवावी लागेल, याची विक्रेत्याला आधीच कल्पना द्या. तो एका तासाच्या टेस्ट ड्राइव्हवरच अडून बसला तर तपासणीचे पैसे खर्च करू नका.